टेबलावर झाकलेलं ताट

इंग्लंडात आल्यावर कॉव्हेंट्रीत मी पहिली दोन वर्षं ज्या घरात भाड्याने राहिले, त्या घराच्या मालकीणबाई बाहेर जाताना टेबलावर ताट वाढून ठेवत. दोन पोळ्या, वाटीत भाजी, शेजारी पाण्याचा ग्लास आणि वर दुसरं ताट झाकलेलं. घरात त्या आणि मी, दोघीच. कोपऱ्यावरून दूध आणायला निघाल्या तरी हा सगळा सोपस्कार व्हायचाच. सिंकमधली भांडी घासायची, ओटा पुसायचा, सोफ्यावरच्या शालीची घडी करायची, ताट वाढायचं आणि मग बूट घालायचे. पहिल्या आठवड्यात मी कामावरून भुकेली आले, ताट दिसलं, माझ्यासाठीच असणार असं समजून बसले आणि संपवलं. त्या परत आल्या, रिकामं ताट बघितलं आणि म्हणाल्या की खाल्लंस ते बरं केलंस, पण तुझं जेवण फ्रीजमध्ये आहे. मग हे कोणासाठी होतं, असं मी विचारलं.

"जो कोणी येईल त्याच्यासाठी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पोळ्या काढायला लागल्या.

आम्ही दोघी बाहेर असताना बंद घरात येणार कोण? माझ्या हिशेबाने फक्त चोर. मी मूळची नागपूरची आणि जन्मजात भित्री. गॅस बंद आहे ना हे बघायला मी रस्त्यावरून दोनदा परत येते, आणि तिसऱ्यांदा येता आलं नाही तर दिवसभर ऑफिसात माझा जीव टांगणीला लागलेला असतो. अशा मुलीला चोरासाठी जेवण वाढून ठेवणारी घरमालकीण मिळावी, याला नशीबच म्हणायचं. मी आईला फोनवर सांगायचे, मैत्रिणींना सांगायचे, की आमच्याकडे चोर आला तर उपाशी जात नाही. सगळ्या हसायच्या.

त्यांना सगळे डॉक्टर म्हणत, मीही डॉक्टरच म्हणायचे. मावशी म्हणून बघितलं एकदा, तर म्हणाल्या, "हे बघ, तुझं माझं टेनन्सी अॅग्रीमेंट झालंय. त्यात मावशी कुठेच नाही." उंचीने पाच फुटांच्या आतल्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, अंगात बारा महिने पुरुषी अनोरॅक जाकीट, गळ्यात दोन चष्मे दोऱ्यांनी लटकवलेले. त्यातला जो हवा असे तो नेमका दुसऱ्याखाली सापडायचा. लग्न का नाही केलं असं मराठी मंडळातल्या कोणी विचारलं की 'राहून गेलं' म्हणत, दळण आणायचं राहून गेल्यासारखं. गाव कुठलं असं विचारलं की 'पाण्याखाली' एवढंच म्हणत आणि समोरच्याला चकली देत. लोकांना वाटे, विनोद केला.

चाळीस वर्षं त्यांनी मिडलंड्सच्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ म्हणून काढली. झोपवणं सोपं असतं, काम उठवण्याचं, असं त्या सांगायच्या. मोठं ऑपरेशन असलं की त्या थिएटरमधल्या सगळ्यात घाबरट नर्सला बाजूला घेऊन विचारत, तुला आज कशाची भीती वाटतेय? आणि ती जे सांगेल ते स्वतः जाऊन तपासत. सर्जन लोक चिडायचे. डॉक्टरांचं म्हणणं असं की शूर माणूस पुढे बघतो, घाबरट माणूस सगळीकडे बघतो, तेव्हा विचारायचं ते घाबरटालाच. मी घर बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा खोली बघायच्या आधी स्मोक अलार्म कुठे आहे ते विचारलं होतं. तेवढ्यावर त्यांनी मला खोली दिली.

आता त्यांचं वेड सांगायला हवं. सिसिलीत एट्ना नावाचा जो ज्वालामुखी आहे, त्याच्या अंगावर एक लहानसं गाव आहे. डॉक्टर वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, तीस वर्षं तिथे जात होत्या. रोम त्यांनी पाहिलेलं नव्हतं, व्हेनिस पाहिलेलं नव्हतं. मंडळातली माणसं इटलीला जाऊन आली की फोटोंत नावा आणि कारंजी असत. डॉक्टरांना एकदा कोणीतरी आग्रहाने कार्यक्रमात फोटो दाखवायला लावले, तर त्यांनी चाळीस फोटो दाखवले ते नुसते झाडूंचे. त्या गावात प्रत्येक दाराशी एक झाडू असतो, कारण डोंगर कधीही राख टाकतो. कुणाचा झाडू बाभळीच्या फोकांसारख्या काटक्यांचा, कुणाचा प्लॅस्टिकचा, एकाने मोडका दांडा क्रिकेटच्या स्टंपाएवढा ठेवलेला. डॉक्टर प्रत्येक झाडूच्या मालकाचं नाव आणि त्याच्या गुडघ्यांची अवस्था सांगत होत्या. विसाव्या झाडूला लोकांनी चहा मागवला.

येताना त्या आइस्क्रीमच्या डब्यांतून तिथली काळी राख आणत. कन्झर्व्हेटरीतला, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीतला, कढीपत्ता त्या राखेत छातीएवढा वाढला होता. उरलेल्या राखेने त्या भांडी घासत, अगदी आपल्याकडे चुलीच्या राखेने घासतात तशी. माझ्या दोन नॉनस्टिक तव्यांचा त्यात बळी गेला. पण मंडळाच्या गणपतीतली समई डॉक्टरांनी घासलेली असे, आणि तशी लखलखीत समई मी कुठल्याच देवळात पाहिलेली नाही.

दर रविवारी सकाळी त्या गावाला फोन लावत. तिथे एका म्हाताऱ्या घरमालकिणीच्या, म्हणजे सिन्योराच्या, घराचा वरचा मजला त्यांनी कायमचा भाड्याने घेतला होता. कॅसेटवर शिकलेलं इटालियन त्या साताऱ्याच्या हेलात, जिन्याखाली मला ऐकू येईल अशा आवाजात बोलत. गावातले लोक त्या डोंगराला बाईमाणूस समजतात, तेव्हा डॉक्टरही मराठीत त्याला 'बाई' म्हणायच्या. फोन ठेवून मला बातमी मिळे, की बाई आज जरा धुसफुसतेय, किंवा बाईने काल रात्रभर कोणाला झोपू दिलं नाही. महिनाभर मी समजत होते की कोणीतरी आजारी बाई आहे, आणि एकदा तिच्यासाठी गेट-वेल कार्डही आणलं होतं. डॉक्टरांनी ते गंभीरपणे घेतलं आणि पुढच्या खेपेला तिथे नेऊन दिलं. कोणाला दिलं ते मी विचारलं नाही.

पुढे माझं लग्न झालं, नोकरी बदलली, मी मिल्टन कीन्सला राहायला गेले. तरी महिन्यातून एखादा शनिवार गाडी काढून कॉव्हेंट्रीला जायचे. या देशात फोन न करता ज्याच्या घरी जाता येईल असं एकच घर माझ्याकडे होतं. बेल वाजवायचीही गरज नसे, माझी किल्ली त्यांनी परत घेतलीच नव्हती. कधी त्या घरी नसत. मग टेबलावरचं ताट असायचंच, आणि ते खायला मी आता लाजत नव्हते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अशीच गेले, तर डॉक्टर पुस्तकं खोक्यांत भरत होत्या. घर विकून त्या कायमच्या तिकडे राहायला जाणार होत्या. वय एकाहत्तर. दोन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलेलं. तिकडे राहायचे कागद हातात आले होते. मला हे सगळं त्यांनी बटाटे सोलताना सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी पुण्याहून त्यांच्या भाच्याचा फोन आला. त्याला मी आधी एकदाच भेटले होते. तो म्हणाला, लोक दुरून डोंगर साजरे म्हणतात, आणि ही आमची मावशी म्हातारपणी जिवंत डोंगराच्या पायथ्याशी जाऊन बसणार, जिथे कोणाला मराठी येत नाही, हाकेला माणूस नाही. पुण्यात त्याचा फ्लॅट तयार होता, लिफ्ट होती, खालीच दवाखाना होता. त्याचं काही चुकत नव्हतं. तो त्यांच्यावर माया करत होता आणि माझ्याकडे गयावया करत होता. तुझं ऐकेल ती, तू काहीही करून अडव, म्हणाला. मी हो म्हटलं. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठीच म्हटलं.

पुढच्या शनिवारी मी सगळी तयारी करून गेले. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरांनीच ओळखलं.

"भाच्याचा फोन आला होता ना? हे बघ, मला आर्ग्युमेंट नको," त्या म्हणाल्या. "एप्रिलमध्ये तू माझ्याबरोबर चल. एक आठवडा राहा. सगळं बघ. मला भेटलेल्या माणसांत तू सगळ्यात घाबरट आहेस. आठवड्याच्या शेवटी तू 'राहू नका' म्हणालीस, तर मी घर विकणार नाही. पुण्याला जाईन."

मी विचारलं, खरंच? त्यांनी भाच्याला माझ्यादेखत फोन लावला आणि हेच शब्द त्याला ऐकवले. तो इतका खूश झाला की त्याने माझं विमानाचं तिकीट काढायची तयारी दाखवली. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. एका माणसाने आपलं उरलेलं आयुष्य माझ्या भित्रेपणाच्या हातात दिलं होतं.

कतानियाच्या विमानतळावरून बस चढणीला लागली आणि समोरच्या काचेत तो डोंगर आला. डोक्यावर बर्फ, बर्फातून पांढरा धूर. नंतर तो हललाच नाही. गावातल्या प्रत्येक गल्लीच्या टोकाला तोच. जिथे पाठ करून बसता येईल अशी जागा मी शोधत होते, तशी त्या गावात नाही. घरं त्याच्याच काळ्या दगडाची, रस्ते त्याच दगडाचे, चर्चच्या पायऱ्या त्याच्याच. सकाळी माणसं दार उघडत, आधी वर बघत आणि मग पाव आणायला जात. चौकातल्या बाकांवर म्हातारे बसलेले, त्यांच्यासमोर लिंबांच्या करंड्या. न्याहारीला बदामाचं बर्फ आणि गोड पाव, हे मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडलं. डॉक्टरांना चौक ओलांडायला वीस मिनिटं लागायची, कारण प्रत्येक बाकावरचा गुडघा त्यांना दाखवला जायचा. कॉव्हेंट्रीत इतक्या वर्षांत त्यांना रस्त्यात कोणी इतकं थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी फोनवर यादी करायला घेतली. एक, डॉक्टरांच्या मजल्याला बाहेरून काळ्या दगडाचा जिना, बावीस पायऱ्या, कठडा नाही. दोन, हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर. तीन, भूकंपाने तडकलेली भिंत, तिच्यावर कॅलेंडर लावलेलं. चार, डोंगर. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सतरा झाले. जेवताना डॉक्टर विचारत, किती झाले? मी आकडा सांगे. काय काय लिहिलंय ते त्यांनी एकदाही विचारलं नाही.

तिसऱ्या सकाळी छतावर रेव टाकल्यासारखा आवाज आला म्हणून मी उठले. खिडकीबाहेर उजेड करडा होता आणि आकाशातून मोहरीएवढे काळे कण पडत होते. मी पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात खोवला, पाठीला बॅग लावली, डॉक्टरांची गोळ्यांची पिशवी घेतली आणि बावीस पायऱ्या उतरून खाली धावले. खाली अख्खी गल्ली डोक्याला फडकी बांधून, छत्र्या घेऊन उभी होती. कोणी पळत नव्हतं. कॉफी चालली होती. डॉक्टर अनोरॅकची टोपी ओढून सिन्योराशी बोलत होत्या. मला बघितल्यावर त्यांनी माझ्या पाठीवरची बॅग काढून घेतली आणि हातात झाडू दिला.

तासाभराने राख थांबली आणि सगळे झाडायला लागले. आपणही कामाचे आहोत हे दाखवायची मला घाई झाली होती. नागपूरच्या उन्हाळ्यात धूळ कोणी कोरडी झाडत नाही, आधी पाणी मारायचं असतं, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. मी अंगणातल्या नळाला बादली लावली आणि चांगला सडा घातला. एक बादली, दोन बादल्या, तीन. राख भिजली आणि सिमेंटसारखी जड झाली. उतारावरून घरंगळत ती गल्लीच्या गटाराच्या जाळीत जाऊन बसली, वरच्या घरांचं पाणी तुंबलं आणि शेजाऱ्याच्या दुकानात शिरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. चार पुरुष पहारी घेऊन दुपारपर्यंत ती जाळी फोडत होते. मी कोपऱ्यात उभी राहून सॉरी म्हणत होते, आणि तो शब्द तिथे कोणालाच लागत नव्हता.

सिन्योरा शहाऐंशी वर्षांची, अंगात नातवाचं ट्रॅकसूटचं जाकीट, कानांत सोन्याच्या रिंगा. ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातली बादली तिने पालथी घातली आणि काहीतरी बोलली. डॉक्टरांनी मराठी केलं, "ती म्हणते, सगळे घाबरलेले लोक पाणी ओततात. कोरडं झाड. दारापासून बाहेरच्या बाजूला. घाई करू नकोस, बाई परत टाकणारच आहे." मग सिन्योराने माझा हात धरून झाडू कसा मारायचा ते दाखवलं. दुपारभर आम्ही तिघींनी झाडलं. पाण्याने दुकान भिजलेला माणूस संध्याकाळी आमच्यासाठी संत्री घेऊन आला. त्या रात्री यादीत मी काही लिहिलं नाही. लिहायला हवं होतं, राख हा तर मोठाच मुद्दा होता, पण लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी सिन्योरा म्हणाली की चला, माझं घर दाखवते. मला वाटलं, आम्ही राहतोय तेच तिचं घर. ती काठी टेकत आम्हाला गावाबाहेर घेऊन गेली. तिथे रस्ता एकदम संपला आणि समोर काळ्या, फुटलेल्या दगडांचं रान सुरू झालं. दोन पुरुष उंच. मधेमधे पिवळ्या फुलांची झुडपं. सिन्योराने काठीने एका जागी दाखवून सांगितलं, हे स्वयंपाकघर. कागदोपत्री अजून तिच्याच नावावर आहे.

तिथे उभं राहून तिने सांगितलं आणि डॉक्टर मला मराठीत सांगत गेल्या. सिन्योरा लग्न होऊन नुकती आली होती तेव्हाची गोष्ट. वरून लाव्हा निघाला. तो सावकाश येतो, माणूस चालतो त्याहून हळू, त्यामुळे सामान काढायला दोन दिवस मिळाले. पलंग गेले, कपाटं गेली, लोकांनी कौलं, खिडक्या, दारंसुद्धा उचकटून नेली. हिच्या सासूने मात्र दार काढू दिलं नाही. रिकामं घर तिने झाडलं, फरशी धुतली, एक टेबल होतं त्याच्यावर सुनेच्या रुखवतातला पांढरा कपडा घातला, पाव, वाइन आणि ऑलिव्ह मांडले. दार लावलं आणि किल्ली बाहेरून कुलपातच ठेवली. सून चिडली होती, तिचा चांगला कपडा जाणार होता. सासूला विचारलं तर ती म्हणाली, बाई एवढ्या लांबून चालत आपल्याकडे येतेय. तिला दार फोडायला लावू? उपाशी पाठवू?

सिन्योरा बोलत राहिली, पण डॉक्टरांचं मराठी थांबलं. त्या एका दगडावर बसल्या. त्यांनी आधी एक चष्मा लावला, मग दुसरा, मग दोन्ही काढले.

"आमचं गाव धरणात गेलं," त्या म्हणाल्या. "मी सात वर्षांची होते. ट्रक आला होता. भांडी, कोंबड्या, देव, सगळं चढवून झालं आणि आईचा पत्ता नाही. बाबा आत गेले, तर ही जमीन सारवत होती. उंबऱ्यावर रांगोळी काढून झाली होती. चुलीपाशी ताटात भाकरी वाढलेली, शेजारी तांब्याभर पाणी. बाबा ओरडले, अगं बुडणाऱ्या घराला शेण कसलं लावतेस. तिने शेवटचा कोपरा सारवला. ओल्यावर पाऊल उमटू नये म्हणून मागच्या पावलांनी दाराबाहेर आली."

त्या माझ्याकडे न बघता पुढे बोलल्या.

"मी मेडिकलला गेले ना, तेव्हा होस्टेलवर ही गोष्ट मी जोक म्हणून सांगायचे. माझी गावठी आई, धरणाच्या पाण्याला भाकरी वाढणारी. नक्कल करून दाखवायचे, मागच्या पावलांनी चालून. मुली लोळायच्या हसून. तीस वर्षांपूर्वी इथे माझी बस चुकली, हिच्याकडे एक दिवस राहिले, आणि हिने मला इथे आणून हेच सगळं सांगितलं. तोपर्यंत आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला सांगता नाही आलं मला, की कळलं."

माझ्या डोळ्यांसमोर कॉव्हेंट्रीतलं ते झाकलेलं ताट आलं आणि चोराचा विनोद. किती जणींना तो मी रंगवून सांगितला होता. मला माझी इतकी लाज क्वचित वाटली असेल. मी डॉक्टरांच्या शेजारी बसले आणि तेही त्यांना सांगून टाकलं. त्या हसल्या, माझ्या गुडघ्यावर थापटलं आणि म्हणाल्या की तो विनोद मंडळात फिरत फिरत त्यांच्यापर्यंत केव्हाच आला होता.

परतीच्या दिवशी विमानतळ राखेमुळे तीन तास बंद होता. आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. डॉक्टरांनी संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.

"बोल आता. किती झाले?"

"तेवीस."

"मग?"

मी यादी उघडली. तेवीसही मुद्दे खरे होते, एकही वाढवून लिहिलेला नव्हता. भाच्याचा मेसेज वर येऊन थांबला होता, काय ठरलं म्हणून. मी म्हटलं, "जिन्याला कठडा बसवून घ्या. दोन्ही बाजूंनी."

"एका बाजूला भिंत आहे," त्या म्हणाल्या.

"भिंतीलाही बसवा."

त्यांनी बरं म्हटलं आणि उरलेलं संत्रंही मला देऊन टाकलं. विमानात मी खिडकीकडे तोंड करून रडले. चोविसावा मुद्दा मी यादीत लिहिलाच नव्हता. तो असा होता की त्या मला इंग्लंडातच हव्या होत्या.

भाचा माझ्यावर अजून रागावलेला आहे. विषाची परीक्षा दुसऱ्याच्या जिवावर घेतलीस, असं त्याने मला लिहिलं. उद्या त्या बावीस पायऱ्यांवर काही झालं तर तो म्हणेल ते मला ऐकून घ्यावं लागेल, आणि मी ऐकून घेईन.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी घराचा ताबा नव्या माणसांना द्यायचा होता. डॉक्टर पहाटे विमानतळावर गेल्या. मला त्यांनी सांगून ठेवलं होतं की तू येऊन गॅस, खिडक्या, सगळं बघ, तुझ्याइतकं कोणी बघणार नाही. किल्ली एजंटच्या ऑफिसात नेऊन द्यायची होती. मी दहाला पोचले. आत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकले. घर रिकामं होतं आणि चकाचक पुसलेलं होतं. किचनमध्ये एकच टेबल मागे ठेवलेलं. त्यावर झाकलेली दोन ताटं, आणि शेजारी एक लहान ताटली, तिच्यात तूपसाखर लावून गुंडाळलेली अर्धी पोळी. घर घेणाऱ्यांना लहान मुलगी आहे हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

मी गॅस बघितला. तीनदा बघितला. खिडक्या बघितल्या. निघताना दिसलं की पुसलेल्या फरशीवर माझ्या बुटांचे ठसे उठलेत. कोपऱ्यात मॉप होता. मी तो भिजवून पिळला आणि किचनपासून पुसत पुसत, मागच्या पावलांनी, दारापर्यंत आले. दार ओढून घेतलं तेव्हा मॉप माझ्याच हातात राहिला होता. एजंटला फोन करून सांगितलं की त्या लोकांना सरळ घरी पाठवा, किल्ली इथेच आहे. मग मी दार लावलं आणि किल्ली बाहेरून कुलपातच ठेवली.

भर दिवसा, कॉव्हेंट्रीत, रस्त्यावरच्या दाराला किल्ली. मी समोर गाडीत जाऊन बसले आणि तीन तास त्या किल्लीवरून नजर हलवली नाही. जाणारा येणारा प्रत्येक माणूस मला चोर वाटत होता. पोस्टमनलाही मी संशयाने बघितलं. एक वाजून गेल्यावर व्हॅन आली. नवरा-बायको, दोघंही हॉस्पिटलात कामाला, काही वर्षांपूर्वी घानाहून आलेले, मुलगी बापाच्या कडेवर. त्याने दाराची किल्ली बघितली, इकडेतिकडे बघितलं, बायकोला हाक मारली. मग ती फिरवून ते आत गेले.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. मागे बसचा आवाज होता.

"आले का ते?"

"आले."

"किल्ली?"

"दारालाच होती."

"आणि तू कुठे आहेस?"

"समोर. गाडीत."

"जेवले का?"

मी म्हटलं, गाडीतून दिसत नाही.

"मग जा आणि विचार," त्या म्हणाल्या. "मी थांबते लाइनवर."

बारा वर्षांत या देशात मी अनोळखी माणसाचं दार कधी वाजवलेलं नाही. मी मॉप मागच्या सीटवर ठेवला, गाडीला कुलूप लावलं, परत येऊन ते लागलंय ना बघितलं, आणि फोन कानाला तसाच धरून रस्ता ओलांडला.